आधी छतावर सोलर, की आधी इलेक्ट्रिक गाडी?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. घरात एका वादाचा निकाल लागत नाहीये, म्हणून पंचायतीसमोर आणतोय.

नाशकात स्वतःचं रो हाऊस आहे. गच्चीवर सहाशे चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा, सावली जवळपास नाही. विजेचा वापर सरासरी २८० युनिट, बिल तीन हजाराच्या वर. नोकरी सिन्नरला, त्यामुळे महिन्याला हजार किलोमीटर तरी गाडी चालते. गाडी पेट्रोलची, नऊ वर्षांची, अजून ठणठणीत.

बायको म्हणते आधी सोलर. लेक म्हणतो आधी इलेक्ट्रिक गाडी, कारण पेट्रोलवर विजेच्या दुप्पट पैसे जातात. सोलरवाला म्हणतो, "साहेब, दोन्ही एकदम करा, गाडी आयुष्यभर फुकट पळेल." तो शेवटचा शब्द ऐकून मी सावध झालोय. ज्यांनी खरोखर हे केलंय त्यांचे आकडे हवे आहेत, जाहिरातीतले नकोत.

बंड्या_बिनधास्त
बायको म्हणते ते करा. धागा संपला.

मीनलताई
+१ बंड्या.
आता गंभीरपणे. आमचं ३ किलोवॅटचं सोलर आहे, साताऱ्यात. मार्च ते मे रोज बारा-तेरा युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की एखाद्या दिवशी तीनसुद्धा नाहीत. वर्षाची सरासरी काढली तर एका किलोवॅटला दिवसाला चार युनिटच्या थोडं आतच येते. तुमच्या २८० युनिटला ३ किलोवॅट पुरेल. बिल मात्र शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. "बिल शून्य" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

अमरावतीकर
आमच्याकडं ऊन रग्गड, पण मे महिन्यात पॅनल इतकं तापते का उत्पादन उलटं कमी होते. लोकांना वाटते ४५ डिग्रीत सोलर जोरात चालत असन. नाही भाऊ. पॅनलले उजेड पायजे, उष्णता नाही. आमचा सगळ्यात चांगला महिना फेब्रुवारी-मार्च. रोज धूळ बसते ते येगळंच.

हिशेबनीस
धागाकर्त्यांनी आकडे दिलेत म्हणून उत्साह आला. गोल आकडे घेतो, दर दरवर्षी बदलतात.

महावितरणच्या घरगुती दरात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटला साधारण ६ रुपये, १०१ ते ३०० ला ११, ३०१ ते ५०० ला १४-१५ रुपये पडतात. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे २८० युनिटचं बिल: ६०० अधिक १९८० अधिक स्थिर आकार, त्यावर शुल्क. ३१०० च्या आसपास. तुमच्या आकड्याशी जुळतंय.

सोलर: ३ किलोवॅटला चांगल्या मालासह १.८ ते २.१ लाख सांगतात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार अनुदान. त्यापुढे कितीही किलोवॅट लावा, अनुदान ७८ हजारच. हातचे गेले सव्वा लाख धरा. महिन्याला २९०० वाचले तर वर्षाला ३५ हजार. साडेतीन वर्षांत पैसे वसूल. तेच सव्वा लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला पावणेनऊ हजार, त्यावरही कर. सोलरने वाचलेल्या बिलावर कर नाही. सोलरबद्दल वाद घालायला फार जागाच नाही.

आता गाडी, आणि इथे गंमत आहे. हजार किलोमीटरला छोटी इलेक्ट्रिक गाडी साधारण १४०-१४५ युनिट खाते. चार्जिंगमधली घट धरून मीटरवर १६०. तुमच्याकडे सोलर नसताना हे १६० युनिट पहिल्या स्लॅबमध्ये बसणार नाहीत, २८० च्या वर बसणार. वीस युनिट ११ ने, उरलेले १४० साडेचौदाने, वर शुल्क. झाले २६०० रुपये. किलोमीटरला दोन रुपये साठ पैसे. शोरूममध्ये "एक रुपयात किलोमीटर" सांगतात ते सहा रुपयांची वीज धरून. तुमची सहा रुपयांची वीज फ्रिज आणि पंख्यांनी आधीच खाल्लेली आहे.

तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच. १०४ रुपयांचं पेट्रोल आणि १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये, महिन्याला ६९००. सोलर नसताना बचत ४३००. सोलर असताना सहा हजाराच्या वर. सोलर आधी लावलं की गाडीचीही बचत वाढते. गाडी आधी घेतली की सोलर येईपर्यंत वरच्या महाग स्लॅबची वीज गाडीत भरत बसाल.

नंदिनी२१
हिशेबनीस, स्लॅबचा मुद्दा एकदम पटला. आमचा मित्र म्हणत होता की गाडी घेतल्यावर विजेचं बिल "थोडंसं" वाढलं. त्याने कधी बिलाची मागची बाजू पाहिलीच नसावी.

खवचट_खविस
हिशेब सुंदर. फक्त एक किरकोळ गोष्ट राहिली. गाडी विकत घ्यावी लागते.

धागाकर्त्याची गाडी "ठणठणीत" आहे. ती विकून दीड-दोन लाख येतील. छोटी इलेक्ट्रिक दहा-बारा लाखांना पडेल. पदरचे नऊ लाख घालून महिन्याला सहा हजार वाचवायचे, म्हणजे साडेबारा वर्षं. तोवर बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटीही संपलेली. याला बचत म्हणत नाहीत, याला "मला नवी गाडी हवी आहे" म्हणतात. हवी असेल तर बिनदिक्कत घ्या, पण पेट्रोलच्या नावावर खपवू नका.

गोदाकाठ
खविस, तुमची पोस्ट लेकाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हे काका कुठे राहतात?"

हिशेबनीस
खविस यांच्याशी सहमत, एका पुरवणीसह. जुनी गाडी बदलायची वेळ आलीच असेल तर तुलना नवी पेट्रोल विरुद्ध नवी इलेक्ट्रिक अशी करायची. दोन्हींतला फरक तीन-चार लाख. हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे ते पाचेक वर्षांत निघतात. महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याचे पंधरा वर्षं निघत नाहीत. माझ्या शेजाऱ्यांची गाडी रविवारी देवळात आणि भाजीला जाते. त्यांनी पर्यावरणासाठी घेतली असेल तर नमस्कार, पैशासाठी घेतली असेल तर राम राम.

वायरमन
मी याच धंद्यात आहे (इलेक्ट्रिकल कंत्राटदार, सोलर बसवतो), तेव्हा माझं मत जरा पारखून घ्या. पण काही गोष्टी कोणी सांगत नाही.

१) वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते आज बघा. निम्मी घरं आजोबांच्या नावावर अडकलेली असतात. अनुदान बँकेत येतं ते बिलावरच्या नावाशी जुळणाऱ्या माणसाला. आजोबा स्वर्गात, अर्ज पोर्टलवर. आधी नाव बदला.

२) बिलावरचा मंजूर भार (एकावेळी किती किलोवॅट वापरायला परवानगी आहे तो आकडा) बघा. त्यापेक्षा जास्त क्षमतेचं सोलर लावता येत नाही. पुढे गाडी येणार असेल तर आत्ताच भार वाढवून घ्या.

३) अनुदान हवं तर पॅनल भारतीय सेलपासून भारतात बनलेलं लागतं, बाजारात "डीसीआर" म्हणतात. ते महाग असतं. कोणी फारच स्वस्त भाव दिला तर डीसीआर आहे का एवढं एकच विचारा. चेहरा बघा.

४) अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतं, तेही नेट मीटर (येणारी आणि जाणारी, दोन्ही वीज मोजणारं) लागून तपासणी झाल्यावर. "आम्ही वजा करूनच घेतो" म्हणणाऱ्याकडून सगळं लेखी घ्या.

५) अर्थिंग. पॅनलच्या ब्रँडवर तासभर चर्चा करणारी माणसं अर्थिंगवर एक मिनिट घालवत नाहीत.

कोकणी_मेवा
वायरमनदादा, सहावं मी सांगतो: स्ट्रक्चर. आम्ही रत्नागिरीकडचे. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते, दोन्ही बघितली. आमच्या वाडीत एकाचे पॅनल शाबूत होते, फक्त दुसऱ्याच्या माडाच्या बागेत. हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) सळया-चॅनल घ्या, नट-बोल्ट स्टेनलेस घ्या. खाऱ्या वाऱ्यात साधा रंगवलेला लोखंडी सांगाडा दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो.

आणि हो, आमच्याकडे जून ते सप्टेंबर सोलर म्हणजे गच्चीवरची शोभा. मार्चपर्यंतचं क्रेडिट पावसाळ्याला वापरू म्हटलं तर तेही नाही, ३१ मार्चला खातं बंद.

मीनलताई
हे ३१ मार्चचं प्रकरण नवीन लोकांना समजावून सांगते, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं. दिवसा जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या जाळ्यात, जाते, तिचं क्रेडिट पुढच्या महिन्यांत वापरता येतं. पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेलं क्रेडिट महावितरण अगदी कमी दराने विकत घेतं आणि पाटी कोरी. आपण अकरा रुपयांची वीज वाचवण्यासाठी साठवतो आणि ती मातीमोल जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर लावण्यात अर्थ नाही. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा स्वयंपाक इंडक्शनवर. गॅस सिलेंडर तेवढे दिवस जास्त पुरतो.

सांगलीची_हळद
ताई, एक अवांतर प्रश्न. पॅनल लावल्यावर वाळवणाचं काय? आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया, सांडगे, तांदळाचे पापड, पाठोपाठ हळद. सासूबाईंचा सोलरला विरोध नाही, जागेला आहे.

मीनलताई
खरा प्रश्न विचारलास! आम्ही स्ट्रक्चर आठ फूट उंच घेतलं, खर्च वीसेक हजार वाढला. खाली सावली झाली ती संध्याकाळी बसायला छान, कुरडयांना मात्र निरुपयोगी. वाळवण आता दक्षिणेकडच्या दोन फुटी पट्ट्यात. हिशेबनीसांनी परतफेडीत कुरडयांचं नुकसान धरलेलं नाही, नोंद घ्यावी.

हिशेबनीस
नोंद घेतली. विकतच्या कुरडयांचा भाव कळवा, सुधारित तक्ता देतो.

बंड्या_बिनधास्त
घरच्या कुरडईला बाजारभाव लावणाऱ्याचा निषेध.

लातूरचा_राजा
आमच्या भागात लाईट जाणं अजून संपलेलं नाही. म्हणून विचारतो, सोलर असलं की लाईट गेल्यावर घर चालतं ना? चुलतभावाच्या घरी पॅनल आहेत आणि भर दुपारी अंधार बघितला, डोकं चक्रावलं.

वायरमन
चक्रावू नका, बरोबरच आहे. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या छतावरून झटका बसू नये म्हणून. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, म्हणजे लाख-दीड लाख वर. शहरात महिन्याला दोन-चार तास लाईट जात असेल तर त्याचा उपयोग नाही, घरातला जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर राहू द्या. तुमच्याकडे रोज दोन-तीन तास दिवसा जात असेल तर गणित बदलतं, कारण तेवढ्या वेळाचं उत्पादनही बुडतं.

वाकडची_वाट
तुम्ही सगळे बंगलेवाले. आम्हा फ्लॅटवाल्यांची कहाणी कोण ऐकणार? पुण्यात १२ मजली इमारत, गच्ची सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागितला तर कमिटीत दोन बैठका आगीवर झाल्या, एक "उद्या सगळेच मागतील" यावर. मी म्हटलं, उद्या सगळे मागणारच आहेत, म्हणून तर आज केबल मोठी टाका.

शेवटी माझ्या नावाने पार्किंगमध्ये वेगळं चार्जिंगचं मीटर घेतलं. या जोडणीचा दर घरगुती वरच्या स्लॅबपेक्षा बराच कमी पडतो. घरचं बिल जागेवर राहिलं, गाडीचं वेगळं येतं. ज्यांना सोलर शक्य नाही त्यांनी हा रस्ता बघावा.

हिशेबनीस
वाकडताई, उत्तम मुद्दा. बंगलेवाल्यांसाठी एक इशारा जोडतो: असं वेगळं मीटर घेतलं तर घरच्या सोलरचं क्रेडिट त्यावर चालत नाही. सोलर असेल तर गाडी घरच्याच मीटरवर, सोलर नसेल तर वेगळ्या मीटरवर. उलट केलं की दोन्हीकडून गेलात.

सोसायटीलाही सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि गाड्यांचं चार्जिंगही त्यात येतं. मेंटेनन्समधला मोठा आकडा तोच असतो.

वाकडची_वाट
हे पत्रक छापून कमिटीच्या फलकावर लावते. आग लागली तर तुमच्या नावावर.

डचांच्या_देशी
आइंडहोव्हनहून लिहितोय. इथे बरीच वर्षं वार्षिक नेट मीटरिंग होतं: उन्हाळ्यात ग्रिडला दिलेलं युनिट हिवाळ्यात त्याच भावाने परत. लोकांनी छतं भरून पॅनल लावले. ती पद्धत १ जानेवारी २०२७ पासून बंद होणार असा कायदा झालाय. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ नंतर नवीन सोलर लावणाऱ्यांना ग्रिडला दिलेल्या विजेचा भाव खूपच कमी मिळतो. दुपारी सगळ्यांच्याच छतावर वीज असते, ती नको तेवढी होते आणि सात वाजता हवी असते तेव्हा नसते.

महाराष्ट्रातही दर नियमावलीची दिशा तीच दिसते. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते ५ वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सूट सुरू झाली. म्हणजे दुपारची वीज स्वस्त व्हायला लागली. आज तिचा फायदा होतोय, पण उद्या तुमच्या दुपारच्या क्रेडिटची किंमतही तशीच घसरली तर? पंचवीस वर्षांचा नफा आजच्या नियमांनी मोजू नका. तीन-चार वर्षांत वसूल होत असेल तर निर्धास्त लावा, दहा वर्षांचं गणित असेल तर जपून.

नंदिनी२१
हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या योग्यतेचा आहे. मग गाडी दुपारी चार्ज करणं सर्वांत चांगलं ना?

डचांच्या_देशी
हो, घरी असाल तर. मी आठवड्यात दोन-तीन दिवस घरून काम करतो, गाडी तेव्हाच लावतो.

खवचट_खविस
आणि धागाकर्त्याची गाडी दुपारी सिन्नरच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी असणार. पॅनल नाशकात, गाडी सिन्नरात. विरहकाव्य.

अमरावतीकर
खिक्क!

वायरमन
नेट मीटरिंग चालू आहे तोवर विरह नाही. दिवसा ग्रिडला दिली, रात्री गाडीत भरली. डचसाहेब म्हणतात ती भीती खरी आहे, पण त्या भीतीने आज थांबणारे मी सात-आठ वर्षांपासून बघतोय. "पॅनल अजून स्वस्त होतील" म्हणत तेवढी वर्षं बिल भरत राहिले.

पावशेर_पंत
मी गाडी घेतली आहे, सोलर नाही. ठाण्यात राहतो. दोन शब्द गाडीबद्दल, कारण सगळे विजेवरच बोलतायत.

चालवायला सुख. घाटात तर फारच. कसारा उतरताना बॅटरीची टक्केवारी वाढते, ते बघून माझे वडील दर वेळी "अरे वा" म्हणतात. सर्व्हिसिंगचा खर्च पेट्रोलच्या निम्माही नाही: ऑइल नाही, क्लच नाही, ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत. टायर मात्र लवकर जातात, गाडी जड असते आणि पिकअप मोहात पाडतो. विमा थोडा जास्त.

समृद्धीवर १२० ने चालवली की जाहिरातीतल्या रेंजचे दोन तृतीयांशही मिळत नाहीत. ९० ने चालवा, चांगली पळते. पण समृद्धीवर ९० ने कोण चालवतं? रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला युनिटमागे १८ ते २५ रुपये लागतात. म्हणजे बाहेरच चार्ज करणाऱ्याची पेट्रोलवरची बचत निम्म्यावर येते. घरी चार्जिंगची सोय नसेल तर पैशासाठी ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी आहे. वरचेवर ठाण्याला येणाऱ्या नाशिककराने तेही धरावं.

लातूरचा_राजा
बॅटरी खराब झाली तर? पाच-सहा लाख म्हणतात.

पावशेर_पंत
बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर देतात. बॅटरी एका दिवसात मरत नाही, हळूहळू क्षमता कमी होते. माझी भीती वेगळी आहे: पुनर्विक्री. सेकंड हँड इलेक्ट्रिक गाडीचे भाव झपाट्याने पडतात, कारण नवं मॉडेल जास्त रेंजचं आणि कधीकधी कमी किमतीचं येतं. दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने घेऊ नये. आणि याचीच दुसरी बाजू, तीन वर्षं जुनी, वॉरंटी शिल्लक असलेली इलेक्ट्रिक गाडी हा सध्या सगळ्यात किफायतशीर सौदा आहे. फक्त वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

खवचट_खविस
हे आवडलं. माझी साडेबारा वर्षं सहा-सात वर येतील.

सांगलीची_हळद
खविस विरघळले! तारीख लिहून ठेवा.

म्हापसेकार
आमच्या गोंयात घरगुती वीजच इतकी स्वस्त की सोलरची परतफेड लांबते. भाऊ पुण्यात, तो तीन वर्षांत वसूल झाले म्हणून मिरवतो, माझे तसे होणार नाहीत. पण गाडीच्या बाबतीत उलटं. स्वस्त वीज म्हणजे गाडी लगेच परवडते. मी गाडी आधी घेतली, सोलर अजून नाही. तेव्हा "आधी सोलर" हा सगळीकडचा नियम नव्हे, ज्याची वीज महाग त्याचा.

हिशेबनीस
बरोबर. आणि महाराष्ट्रातही ज्याचा वापर शंभर युनिटच्या आत आहे त्याला हेच लागू. सहा रुपयांची वीज वाचवायला सव्वा लाख गुंतवले तर कितीतरी वर्षं लागतील. अशांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये एक किलोवॅटसाठी जादा अनुदानाची वेगळी योजना आणली आहे, ती बघावी.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. वायरमन यांनी सांगितल्याप्रमाणे बिल काढून बघितलं. नाव वडिलांचं, मंजूर भार २ किलोवॅट. म्हणजे दोन्ही कामं करायचीच आहेत.

ठरलं ते असं: नाव बदलून भार ५ किलोवॅट करायचा, मग सोलर. गाडी जुनीच राहणार, दीड-दोन वर्षांनी बदलायची वेळ येईल तेव्हा पंतांच्या सल्ल्याने सेकंड हँड इलेक्ट्रिक. लेकाने तह मान्य केला आहे, अट एवढीच की गाडीचा रंग तो ठरवणार.

आता एकच शंका. आज ३ किलोवॅट लावून इन्व्हर्टर ५ चा घ्यावा, की ५ किलोवॅट एकदमच?

हिशेबनीस
आज ५ लावलंत तर गाडी येईपर्यंत महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट फालतू जमणार आणि ३१ मार्चला मातीमोल जाणार. वरच्या दोन किलोवॅटला अनुदान नाही, म्हणजे आज लावा किंवा दोन वर्षांनी, किंमत तीच लाखभर. पैसा तोवर बँकेत राहू द्या. शिवाय गाडीच्या १६० युनिटना दीड किलोवॅट पुरतं, पूर्ण दोन लागणारच नाहीत.

वायरमन
हिशेबनीस कागदावर बरोबर. पण दुसऱ्यांदा काम काढलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, पुन्हा क्रेनचं भाडं, आणि तेव्हा त्याच मापाचं पॅनल मिळेलच असं नाही. आज ५४० वॅटचं आहे ते दोन वर्षांनी बंद झालेलं असेल, मग वेगळी स्ट्रिंग (एकमेकांना जोडलेल्या पॅनलची ओळ) करावी लागते. माझा मधला मार्ग: सांगाडा आजच पूर्ण पाच किलोवॅटचा उभा करा, इन्व्हर्टर ५ चा आणि दोन एमपीपीटीवाला (पॅनलच्या दोन ओळी स्वतंत्रपणे हाताळणारा) घ्या, पॅनल तीनचेच लावा. पुढची पॅनल दुसऱ्या एमपीपीटीवर, माप वेगळं असलं तरी चालतं.

मीनलताई
मी वायरमनच्या बाजूने. पुन्हा गच्चीवर माणसं, ड्रिलिंग, वॉटरप्रूफिंग... एकदाच काय ते.

हिशेबनीस
मधला मार्ग मान्य. रिकाम्या सांगाड्याखाली दोन वर्षं कुरडयाही वाळतील.

गोदाकाठ
मधला मार्ग पक्का. वायरमनदादा, रंगकाम निघालंच आहे तर पार्किंगपर्यंतची वायर आत्ताच भिंतीत टाकून घेऊ का? कुठली टाकू?

वायरमन
टाकाच. मीटरपासून थेट वेगळी लाईन, घरातल्या कुठल्याही बोर्डावरून उचलायची नाही. तांब्याची ६ चौरस मिलिमीटर, स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की बंद होणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की बंद होणारा). पॉइंट १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट घ्या, घरगुती प्लग रात्रभर तीन किलोवॅट ओढून पिवळा पडतो. तुमच्या रोजच्या पन्नास-साठ किलोमीटरला तीन तासांचं चार्जिंग पुरेल. मोठ्या ७ किलोवॅटच्या चार्जरच्या नादी लागू नका, त्यापायी थ्री फेज घ्यावं लागलं तर दरमहा स्थिर आकारच दुपटी-तिपटीने वाढतो. आणि गाडीसाठी वेगळं अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत, आणि मग लोक गाडीला शिव्या देतात.

लातूरचा_राजा
आमच्याकडे वीस दिसतंय. हे बरं की वाईट?

वायरमन
वाईट. अर्थिंगच्या खड्ड्यात आजच दोन बादल्या पाणी ओता आणि उद्या सकाळी परत मोजून इथे लिहा. उतरलं नाही तर नवीन खड्डा.